चहाचा डाग हा मळ नव्हे

धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बेलूर लागते. होयसळांच्या शिल्पांनी नटलेले हासन जिल्ह्यातील बेलूर ते हे नव्हे. हे धारवाड तालुक्यातील, कारखान्यांच्या वसाहतीमुळे ठाऊक झालेले. पाळी सुटली की रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्यांभोवती माणसे जमतात, आणि घाईने घेतलेल्या चहाचे दोन थेंब कोणाच्या ना कोणाच्या सदऱ्यावर पडतातच. सदरा रोजचा असतो; त्या डागाचे दुःख सहसा कोणी करीत नाही. परंतु या भागातील पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी आजीचे एखादे इरकल लुगडे जपून ठेवलेले असते. मुलीला पाहावयास पाहुणे येणार, त्या दिवशी ते बाहेर निघते. तबक जरासे हलते, कप कलंडतो आणि पदरावर तपकिरी ओघळ उतरतो. मग एकच धांदल उडते. कोणी साबणाची वडी आणतो, कोणी कढत पाणी आणतो, कोणी मुलीलाच बोल लावतो. त्या धांदलीत चहाने केले नसेल इतके नुकसान उपायांनी होते.

याचे कारण असे की, चहाच्या डागाला मळ समजण्यात येते. मळ धाग्यावर बसतो. चहा धाग्यात उतरतो. झाडावरून खुडलेली चहाची पाने हिरवी असतात. ती चुरगाळून हवेत ठेवली म्हणजे त्यांतील तुरट द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि तांबूस-तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. चहाला रंग, चव व तुरटपणा येतो तो त्यांच्यामुळे. घरोघरी वापरली जाणारी दाणेदार भुकटी पाने चिरडून बनवलेली असते. म्हणून ती उकळत्या पाण्यात आपला रंग फार लवकर सोडते. जे द्रव्य पाण्याला इतक्या लवकर रंगवते, ते सुताला व रेशमालाही रंगवते. आपल्याकडील रंगारी सुताला रंग पक्का धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यात ते आधी बुडवीत असत. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि चहातील तुरट द्रव्य ही एकाच गोत्रातील होत. तेव्हा पदरावर चहा सांडणे म्हणजे नकळत केलेली रंगणीच होय. ती पक्की होण्यापूर्वी मोडली, तर मोडते.

या गोष्टीचा प्रत्यय स्वयंपाकघरात सहज घेता येतो. दोन पेल्यांत कोरा चहा घ्यावा. एकात लिंबाचे चार थेंब पिळावेत, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. लिंबाचा चहा तत्काळ फिका पिवळसर होतो. सोड्याचा गडद होतो. वस्त्रावरही हेच घडते. साबणाची वडी आणि धुण्याचा सोडा हे दोन्ही खारट, म्हणजे अल्कधर्मी पदार्थ होत. ते ताज्या डागावर प्रथमच चोळले, तर डाग गडद होतो आणि धाग्याला अधिक चिकटतो. आंबट पदार्थ त्याला सैल करतात. म्हणून क्रम ध्यानात ठेवावा: आधी थंड पाणी, मग सौम्य आंबट, त्यानंतर सौम्य फेस, आणि अगदी शेवटी विरंजक.

थंड पाणीच का, याचेही उत्तर आपल्या चहातच आहे. आपला चहा दुधाचा व साखरेचा असतो. दुधातील प्रथिने उष्णतेने धाग्यावर घट्ट बसतात, साखर इस्त्रीखाली करपून तांबूस होते आणि स्निग्धांश मागे राहतो. कोऱ्या चहाचा डाग पांढऱ्या सुती कापडावर पडला असेल, तर कापड पातेल्यावर ताणून वरून उकळत्या पाण्याची धार सोडण्याची जुनी रीत खरोखरच गुणकारी आहे. परंतु दुधाच्या चहाला ती लावू नये. त्याचप्रमाणे डाग पुरता गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नये. इस्त्रीने पक्का केलेला डाग परटाच्याही हाती लागत नाही.

चहा सांडताच प्रथम कोरडे, स्वच्छ पांढरे फडके वरून दाबून ओल टिपून घ्यावी. चोळू नये, चोळल्याने चहा खोल जातो आणि डाग पसरतो. मग डागाची उलटी बाजू वर करून तिच्यावर थंड पाण्याची धार सोडावी, म्हणजे आलेला रंग आल्या वाटेने परत जातो. सुती कापड असल्यास ते अर्धा तास थंड पाण्यात ठेवावे. त्यानंतर तांब्याभर पाण्यात मोठा चमचाभर पांढरा व्हिनेगर अथवा लिंबाचा गाळलेला रस घालून ते पाणी डागावर मुरू द्यावे व भरपूर पाण्याने धुऊन काढावे. दुधाचा चिकटपणा उरला असेल, तर आता सौम्य प्रक्षालक वापरण्यास हरकत नाही. डाग जुना व वाळलेला असल्यास आधी थोडे ग्लिसरिन लावून तो मऊ होऊ द्यावा.

इतके करूनही पांढऱ्या सुती कापडावर पिवळट छाया राहते. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. औषधांच्या दुकानात ते बहुधा ६ टक्के तीव्रतेचे मिळते. त्यात तितकेच पाणी मिसळून थेंबाथेंबाने लावावे आणि काही वेळाने कापड खळबळून धुवावे. पांढऱ्या सुताला लिंबाचा रस लावून उन्हात वाळविण्याचा घरगुती उपायही याच जातीचा आहे. मात्र हे दोन्ही उपाय रंगीत कापडाला परीक्षेवाचून लावू नयेत.

ही परीक्षा या प्रांतात विशेष महत्त्वाची आहे. इरकल लुगड्याचे अंग पुष्कळदा सुती आणि पदर रेशमी असतो. दोहोंचे ताणे टोपी-तेनीच्या पद्धतीने एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. म्हणजे एकाच वस्त्रात दोन स्वभाव नांदतात. सुताला जे सोसते ते रेशमाला सोसत नाही. त्यावर धारवाडकडची कसुती असेल, तर आणखी जपावे लागते. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता घातलेले असतात. गाठ नसल्यामुळे जोराने चोळताच टाका सरकतो, आणि भरतकामाचा रंग कच्चा असल्यास तो भोवती पसरतो. म्हणून दुमडलेल्या काठाच्या आतील बाजूस आधी पाणी, मग आंबट पाणी लावून त्यावर पांढरे फडके दाबून पाहावे. फडक्यावर रंग उतरला, तर तेथेच थांबावे आणि वस्त्र जाणत्या धुलाईवाल्याकडे न्यावे. रंग न उतरल्यास रेशमाला रिठ्याचे कोमट पाणी उत्तम. लोकरीच्या शालीलाही तेच मानवते; मात्र ती चोळू नये, पिळू नये, नाहीतर लोकर आटून घट्ट होते.

पाणी कोणत्या भांड्यात घेतले, हेही पाहावे लागते. तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो; हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई याच गुणामुळे बनत असे. गंजलेल्या बादलीत डागाळलेले कापड भिजत टाकले, तर तपकिरी डागाचा काळा डाग होतो. प्लास्टिकची वा स्टीलची बादली त्यापेक्षा बरी.

आता विरंजक चूर्णाविषयी. धारवाड तालुक्यातील गरग हे गाव राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे, आणि हुबळीच्या बेंगेरी भागात १९५७ साली स्थापन झालेल्या खादी संस्थेत ध्वजाचे कापड विरंजित करून रंगविले जाते. तेथे हे काम जाणत्या हातांनी, मोजमापाने होते. घरात मात्र डबा कलता करून अंदाजाने चूर्ण ओतले जाते. डाग जातो आणि काही धुण्यांनंतर त्याच जागी भोक पडते. क्लोरिनयुक्त विरंजक रेशीम व लोकर यांचा तर नाशच करते. त्याहूनही मोठा धोका माणसाला आहे. एकाने भागत नाही म्हणून विरंजकात लिंबू, व्हिनेगर अथवा संडास धुण्याचे आम्ल मिसळले, तर क्लोरिनचा विषारी वायू सुटतो. लहानशा, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. एका उपायाचा अंश पूर्ण धुऊन गेल्याशिवाय दुसरा उपाय करू नये. कपड्याचा डाग राहिला तरी चालेल.

घरातील इतर वस्तूंचा विचार थोडक्यात करता येईल. कपांच्या आत साचणारा तपकिरी थर हा नुसत्या चहाचा नसतो. १९९३ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील स्पायरो आणि जगान्यी या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, चहावर तवंग धरण्यास जड पाण्यातील चुन्याचे क्षार कारणीभूत होतात आणि आम्लाने तो धरत नाही. ज्या घरी कूपनलिकेचे जड पाणी येते, तेथे कप लवकर काळवंडतात ते म्हणूनच. ओल्या कपाला खाण्याचा सोडा लावून बोटांनी घासावे. थर जुना असल्यास लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात कप थोडा वेळ ठेवावा. स्टीलच्या थर्मासात गरम पाणी व चमचाभर सोडा रात्रभर ठेवला की तो साफ होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या किटलीला मात्र धुण्याचा सोडा खातो. तिच्यात चिंचेचे अथवा लिंबाचे पाणी उकळावे.

फरशीवर नेमके याच्या उलट. शहाबादी फरशी, ओट्याचा कडप्पा आणि संगमरवर हे तिन्ही मुळात चुन्याचे दगड. त्यांच्यावर लिंबू पिळले की दगडच झिजतो आणि डागाच्या जागी कायमचा निस्तेज चट्टा उरतो. तेथे सोड्याचा ओला लेप लावून पुसून काढावा. गादीवर पाणी ओतू नये. ओल्या फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपत जावे आणि नंतर गादी उन्हात घालावी.

या साऱ्या उपायांत महागडे असे काही नाही. थंड पाणी, लिंबू, रिठा, खाण्याचा सोडा आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेक डाग जातात. त्यांत सर्वांत मोलाचा तो पहिला अर्धा तास. पाहुण्यांसमोर कप कलंडला, तर तो वेळ मुलीला दोष देण्यात घालविणे हा शुद्ध तोटा आहे. कारण बोल लावून डाग निघत नाही, आणि मनावर उठलेला ओरखडा लिंबाने जात नाही. तिला आत जाऊन पदरावर थंड पाणी घेऊ द्यावे आणि पाहुण्यांना दुसरा चहा द्यावा. लुगडे वाचेल, पुढच्या पिढीच्या ट्रंकेत जाईल. एखादी फिकट छाया उरलीच, तर निरीतला तेवढा भाग आत वळवून नेसण्याची युक्ती आजीलाही ठाऊक होतीच.