डोळ्यांचे पाणी आणि परदेशाची वाट

(ज्ञातिसंस्थेच्या वाकड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरांचा परिचय आणि वर्षाचा जमाखर्च हे विषय आपल्या मेळाव्यात दरवर्षी होतात. यंदा आरोग्यावर चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे. शाळेच्या फळ्यावर मानवी डोळ्याची आकृती काढून दाखविण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो एक निवृत्त शिक्षक. तेव्हा विषयही त्या आकृतीतलाच घेतला आहे: डोळ्यांतून सतत पाणी गळणे, आणि त्याच्या उपचारार्थ परदेशी जावे की न जावे.

विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु त्यापायी होणारे निर्णय किरकोळ नसतात. आपले वाकड 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. मुळेच्या काठची शेते जाऊन इमारती आल्या, शेजारी हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची नगरी वसली, आणि आपली मुलेमुली तेथून अमेरिका, इंग्लंड, जर्मनीपर्यंत पोहोचली. ही गोष्ट भूषणावह खरीच. मागे राहिले ते साठी-सत्तरीचे आईबाप. "बाबा, इकडेच या, इथल्या डॉक्टरांना दाखवू," असे मुलगा दूरध्वनीवर म्हणतो, ते मायेनेच म्हणतो. परंतु त्या मायेपोटी ठेवी मोडल्या जातात, उरलेल्या दोन गुंठ्यांचीही बोलणी सुरू होतात, आणि डोळा मात्र गळतच राहतो. म्हणून आमचे एकच सांगणे आहे: विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पाणी का गळते याचे निदान करून घ्यावे.

आता ती आकृती डोळ्यांसमोर आणा. वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या बाजूस अश्रुग्रंथी असते. तिचे पाणी डोळ्यावर पसरून बुबुळ ओले ठेवते. पापण्यांच्या नाकाकडील टोकाशी, वर एक व खाली एक, टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रे असतात. त्यांतून पाणी बारीक नलिकांवाटे अश्रुपिशवीत जाते आणि तेथून हाडातील मार्गाने नाकात उतरते. रडताना नाक वाहते ते याच कारणाने. न्हाणीत पाणी साचले तर दोनच गोष्टी संभवतात: नळ अधिक सुटला असेल किंवा मोरी तुंबली असेल. डोळ्याचेही तसेच आहे.

नळ अधिक सुटण्याची कारणे पुष्कळ. धूळ, धूर, परागकण यांचे वावडे. आत वळलेली पापणीची केसे. डोळ्यात अडकलेला कण. आणखी एक कारण ऐकून आपणांस नवल वाटेल. डोळा कोरडा पडल्यामुळेही पाणी येते! अश्रूंचा थर लवकर सुकला की बुबुळ चुरचुरते आणि ग्रंथी एकदम पाणी सोडते. संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. अशा माणसाची मोरी उघडून काय उपयोग? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ती गत व्हावयाची.

मोरी तुंबण्याचा प्रकार मध्यम व उतार वयात, विशेषतः स्त्रियांत अधिक आढळतो. पिशवीत पाणी साचून पू धरतो. त्यालाच आपल्याकडे नासूर म्हणतात. वृद्धांत पापणी सैल पडून छिद्र डोळ्यापासून दूर सरते, तेव्हाही पाणी गालावर ओघळते. नवजात बालकात मार्गाच्या शेवटी पातळ पडदा राहून जातो. डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे नाकाच्या मुळाशी मालिश केल्यास बहुतेक बालकांत तो वर्षाच्या आत आपोआप उघडतो. मात्र बालकास उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळ मोठे अथवा धुरकट दिसत असेल तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तेथे एक दिवसही दवडू नये.

हे सारे ओळखावयाचे कसे? खालच्या छिद्रातून बोथट, बारीक सुईने मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात. घशात खारट चव आली तर मार्ग मोकळा. पाणी उलट आले तर मार्ग बंद. काही मिनिटांचे हे काम! त्याची विद्या जुनी आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत नेत्ररोगांची संख्या 76 सांगितली असून डोळ्याच्या सांध्यातील पूयालस व चार प्रकारचे स्राव वेगळे गणले आहेत. युरोपात आनेल या फ्रेंच शल्यवैद्याने 1713 च्या सुमारास बारीक सळई व पिचकारी वापरून हा मार्ग धुतला. पुढे 1904 साली इटलीत तोती यांनी पिशवी व नाक यांमधील हाडास खिडकी पाडून पाण्यास नवी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. तीच आज सुधारलेल्या रूपात डी.सी.आर. या नावाने सर्वत्र होते. बाहेरून लहान छेद घेऊन, किंवा दुर्बिणीने नाकातून. शंभरांत सुमारे नव्वद रुग्णांस तिचा गुण येतो.

आमच्या परिचयातील एका मातोश्रींची हकीकत सांगतो. चार वर्षे त्यांचा डावा डोळा गळत होता. पदराचे टोक सदा हातात, मंगलकार्यात गेल्या तर लोक विचारीत, "अहो, रडता का?" त्यांनी समारंभांस जाणेच सोडले. थेंबामागून थेंबांच्या बाटल्या झाल्या. अखेर मुलाने परदेशातील उपचाराचा बेत केला. निघण्यापूर्वी एका नेत्रवैद्यांनी नाकाच्या मुळाशी बोट दाबले, तो छिद्रातून पू वर आला. शस्त्रक्रिया येथेच झाली. पुढे त्या मुलाकडे गेल्या, त्या नातवंडे पाहावयास. अशी पिशवी तशीच ठेवून मोतीबिंदू काढला असता तर जंतू डोळ्यात शिरून दृष्टी जाण्याचा धोका होता, हेही त्यांस तेव्हाच कळले.

परदेशी विद्येचा आम्हांस आदर आहे. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वानलेस यांचे मिरजेतील रुग्णालय 1894 साली सुरू झाले, आणि दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले. त्या काळी विद्या बाहेरून येत होती. आज हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, जी 1987 साली स्थापन झाली, अश्रुमार्गाच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे, तेथील डॉ. मोहम्मद जावेद अली यांस 2019 चे भटनागर पारितोषिक मिळाले. भारतातून खुपऱ्यांच्या सार्वजनिक उपद्रवाचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली मान्य केले. इतके दूरही जावयास नको. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय, ससून, महंमदवाडीचे देसाई नेत्ररुग्णालय ही सारी आपल्या पंचक्रोशीतलीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशास?

परदेशातील व्यवहारही समजून घ्यावा. तेथील प्रवासी विमा आधीपासूनच्या व्याधीचा खर्च बहुधा देत नाही. इंग्लंडमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या रुग्णाकडून सरकारी रुग्णालये ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी करतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर टाके काढणे, कधी बसविलेली बारीक नळी काही आठवड्यांनी काढणे, मार्ग पुन्हा तपासणे, यासाठी वारंवार जावे लागते. व्हिसाची मुदत संपली तर हे कोणी करावयाचे? थंड वारा आणि तापविलेल्या खोलीतील कोरडी हवा यांनी डोळा अधिकच गळतो, ते निराळेच. मुलांकडे अवश्य जावे. पण तपासणी येथे करून, तिचे कागद व औषधांची मूळ नावे सोबत घेऊन जावे. अश्रूंत रक्त दिसले किंवा नाकाच्या मुळाशी गाठ वाढू लागली, तर जेथे असाल तेथेच त्वरित दाखवावे.

शेवटी संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. परदेशी उपचारासाठी निधीकडे जो अर्ज येईल, त्यासोबत येथील नेत्रतज्ज्ञाचे निदानपत्र असावे. आणि ज्यांची मुले दूर आहेत अशा वृद्धांस रुग्णालयात सोबत करण्यासाठी तरुण-तरुणींची एक यादी करावी. अनेक वडीलधाऱ्यांचे उपचार पैशावाचून अडत नाहीत. रिक्षात शेजारी बसणारे, कागद धरणारे, डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकून घेणारे माणूस नसते म्हणून अडतात. ते माणूस ज्ञातीने पुरवावे, ही आमची विनंती आहे.