सुई गावात चढते की घाटात?

मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येतील, चालवून घ्या. आज मी महाडला आहे, चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून, आणि विषय आहे उन्हाळ्यात गरम होणारी जुनी स्पोर्ट्स कार.

हा विषय बोलायला महाडसारखी जागा नाही. इथे गाडीच्या दोन्ही परीक्षा जवळजवळ आहेत. बाजारातल्या रस्त्यांवर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चालते. हायवेला लागून पोलादपूर गाठलं, डावीकडे वळलं की आंबेनळी घाट. महाड जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. आणि मे महिन्यात महाडचं ऊन म्हणजे... चारी बाजूंनी डोंगर, वारा नाही, अंगाला नुसता चिकचिकाट.

आता गाडी. माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, सॅन स्टॉर्म आहे. नाव ऐकलं नसेल तर सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या शेजारी गोव्यात बनलेली दोन सीटची, कापडी टपाची गाडी. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं १.२ लिटर पेट्रोल. आकडेच बघायचे तर आजची साधी हॅचबॅकसुद्धा तिच्यापेक्षा ताकदीची निघेल. पण टप उघडून त्या बुटक्या सीटवर बसलात की साठचा वेगसुद्धा शंभरसारखा वाटतो.

गाडी काकांनी सेकंडहँड घेतलेली. काका आता नाहीत.

यंदा मार्चपासून ती गरम व्हायला लागली. २० मार्चला तर कहरच. १९२७ मध्ये त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या आठवणीने दरवर्षी लांबून लांबून माणसं इथे येतात. गावाबाहेर वाहनांची रांग लागते. त्या रांगेत दादा अर्धा तास अडकला आणि सुई लाल पट्ट्यात गेली.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, हेड गॅस्केट उडालंय, इंजिन खोलावं लागेल. दुसऱ्याने सांगितलं, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, आपल्याकडे त्याची गरजच नसते. इतक्या जुन्या, इतक्या कमी गाड्या असलेल्या मॉडेलचं इंजिन खोलायचं म्हणजे पार्ट शोधण्यातच महिने जाणार. दादाने शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने आकडा सांगितला तेव्हा आत्या काही बोलली नाही, उठून आत गेली. त्या रात्री दादाचा मला फोन आला.

मी एकच विचारलं. दादा, सुई नेमकी कधी चढते?

तो म्हणाला, "बाजारात चढते. हायवेला लागलो की खाली येते."

मंडळी, इथे थांबा. निम्मं निदान या एका वाक्यात आहे. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश वाटा पाण्यातून रेडिएटरकडे जातो आणि तिथून हवेत. हायवेवर ही हवा गाडीच्या वेगामुळे आपोआप मिळते. बाजारात मिळत नाही, तिथे पंखाच लागतो. म्हणजे थांबल्यावर चढणारी आणि पळताना उतरणारी सुई बहुतेक वेळा पंख्याकडे बोट दाखवते. उलट, पळताना, चढावर, इंजिनावर जोर पडल्यावरच सुई चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप कमजोर आहे किंवा पाणी कमी आहे, असा संशय घ्यायचा. आणि गाडी सुरू करून पाचच मिनिटांत चढली तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय का, पाण्यात हवा अडकलीये का, ते बघायचं. हेड गॅस्केट गेलं असेल तर त्याची खूण सहसा वेगळी दिसते. पाणी गळती न दिसता कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. दादाच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

पण दादा म्हणाला, "पंखा तर फिरतो रे, मी बघितलाय."

फिरतो, पण किती जोरात? गाडी फायबरची आहे हे विसरू नका. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, कुठेही स्क्रू मारा. फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक गोष्टीला वेगळी अर्थ वायर लागते, ती चासीवर किंवा बॅटरीवर येऊन टेकते. आणि कोकणातले पावसाळे त्या टेकलेल्या जागेचं काय करतात, ते तुमच्या घराच्या गेटकडे बघून कळेल.

शनिवारी मी मल्टिमीटर घेऊन आलो. पंखा चालू असताना एक टोक पंख्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, फार तर अर्धा व्होल्ट. दिसले तीनच्या वर. म्हणजे बारातले तीन व्होल्ट गंजाने खाल्ले, पंखा अर्धपोटी फिरतोय आणि बघणारा म्हणतोय, फिरतो की! बॅटरीच्या मायनसवरून पंख्याला एक जाड वायर थेट दिली. आवाजच बदलला. आत्या बाहेर आली, काय झालं म्हणून.

हे घरी करून बघणार असाल तर हात आणि ओढणी लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक सुरू होतो.

बुटक्या गाड्यांचं अजून एक दुखणं असतं. पुढचं तोंड लहान असतं, त्यामुळे आत येणारी हवा रेडिएटरमधूनच जावी म्हणून बाजूला पट्ट्या, फोम असतो. वीस वर्षांत ते सडून पडतं, कुणी परत लावत नाही. मग हवा रेडिएटरच्या कडेने निसटते. दादाच्या गाडीतही एका बाजूला बोट जाईल एवढी फट होती. फोमची पट्टी चिकटवली, खर्च चहा-वड्याएवढा.

आता रेडिएटरचं झाकण. याला कुणी मान देत नाही. पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकण आत साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच पाणी सुमारे १२० पर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब गेला. आणि वर घाटात बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो. महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे खराब झाकण घेऊन आंबेनळी चढणाऱ्या गाडीवर जोर जास्त आणि पाण्याची सहनशक्ती कमी. झाकण बदला. त्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच दाबाचं घ्या.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला मला पटत नाही. काही इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढलात तर गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरत राहतं. अडकला असेल तर नवा टाका. आणि आत बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. कूलंट आणि बॅटरीचं पाणी. जुना कूलंट गटारात ओतू नका. तो चवीला गोड असतो, कुत्री चाटतात आणि मरतात.

रस्त्यात सुई चढलीच तर? एसी बंद. हीटर असेल तर फुल, खिडक्या उघड्या. हो, मे महिन्यात हीटर. तो छोटा रेडिएटरच असतो, घाम निघेल पण इंजिन वाचेल. तरी उतरत नसेल तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा. बॉनेटमधून वाफ येत नसेल तर ते उघडा. झाकणाला हात लावायचा नाही, पाऊण तास तरी नाही. फडकं धरूनसुद्धा नाही. दाब सुटला की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. आणि "पोलादपूर आलंच" म्हणत दामटायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं की मग खरंच फेसिंग, गॅस्केट, सगळा खर्च.

गेल्या रविवारी दादा आणि आत्या सकाळी सहाला निघाले. आम्ही मागे दुसऱ्या गाडीत, पाण्याचे कॅन घेऊन. प्रतापगडाच्या फाट्याला थांबलो तेव्हा सुई निम्म्याच्या जरा वर होती आणि पंखा घोंगावत होता. आत्याने केसांचा स्कार्फ सोडून परत घट्ट बांधला आणि म्हणाली, चला, थांबलात कशाला?

परतीच्या उतारावर मात्र ब्रेकचा वास येत होता. त्यावर पुढचा भाग करतो.