शिक्क्याचा कागद

जमिनीचे खत करायला चंद्रपूरला नाहीतर गडचिरोलीला कचेरीत पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो, 'स्टांप आणला काय?' कोरा कागद स्वस्त. त्यावर सरकारी शिक्का उठला की तो महाग. ही युक्ती जुनी आहे. 1765 साली इंग्लंडने अमेरिकेतल्या वसाहतींत करारपत्रे, वर्तमानपत्रे, एवढेच काय, पत्त्यांच्या जोडावरही असा कर बसवला. लोकांनी स्टांप वाटणाऱ्या अधिकाऱ्यांना राजीनामे द्यायला लावले. 1766 मध्ये कायदा मागे घ्यावा लागला.

आपल्या मुलखात याची झळ कशी लागली, ते पुणे जिल्ह्यात पाहू या. 1859 च्या कायद्याप्रमाणे साध्या रोख्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही, तर रोखा बुडीत. हेतू कुणब्याला वाचवण्याचा, झाले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. समजा, कर्ज शंभर रुपये, व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी रोखा एकशे बहात्तरचा, सहा वर्षांनी जवळजवळ दोनशे शहाण्णवचा! (गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा.) रक्कम वाढली की स्टांपही वाढे. तो भरायचा कोणी? कुळानेच.

12 मे 1875 ला सुपे गावी लोक सावकारांवर चालून गेले. पाठोपाठ पुणे-नगरकडची इतर गावे उठली. माणसे मारायची नव्हती. रोखे बाहेर काढून जाळायचे होते. हे बंड स्टांपाच्या करावर होते असे मी म्हणणार नाही. राग सावकारावर होता, वाढलेल्या शेतसाऱ्यावर होता. पण अक्षरओळख नसलेल्या माणसांनी आपल्याला बांधणारा कागद बरोबर ओळखला. 1879 मध्ये पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांसाठी कायदा आला, आणि रोख्यामागचा जुना हिशेब उकरून पाहणे न्यायाधीशांना भाग पडले.

आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात. तो कायदा इकडचा नव्हे. इकडे लोकांना अडवणारा कागद होता जंगलचा परवाना. 1930 मध्ये बापूजी अणे यांनी पुसदला परवान्याविना गवत कापून अटक ओढवून घेतली, ती याच कागदावरून. स्वातंत्र्य आले, तरी परवान्याचे पुस्तक वनखात्याच्याच टेबलावर राहिले.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला खरा, पण तो गावाबाहेर न्यायचा तर परवाना पाहिजे! बांबू झाड की गवत, यावर खाते अडून बसले. गावानेही सोडले नाही. अखेर 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले, आणि परवान्याचे ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. तेव्हापासून मेंढ्याच्या बांबूच्या परवान्यावर सही गावची.