बोटांना पटेल असा हात



मुलांनो, कार्यक्रमासाठी तुमचे कलाकार केव्हाचे नटूनथटून बसले आहेत, म्हणून एकाच विषयावर बोलते. सकाळी तुमच्या प्रकल्पांच्या प्रदर्शनात शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेला सिलिकॉनचा हात पाहिला. सलाइन लावायच्या सरावासाठी. कातडीचा रंग, नखं, मनगटावरच्या रेषा, सगळं सुरेख. मग मी डोळे मिटून पंजाच्या पाठीवरून बोट फिरवलं. शीर लागली, पण ती जागची हलेना. खरी शीर, त्यातून म्हाताऱ्या माणसाची, सुईपुढून सटकते. म्हणून तर सिस्टर अंगठ्यानं कातडी ताणून धरतात. सुई शिरेत शिरताना अडथळा एकदम सुटल्यासारखा वाटतो आणि इंट्राकॅथच्या, म्हणजे सलाइनच्या सुईच्या, मागच्या भागात रक्त दिसतं. एवढं साधा, नखं नसली तरी चालतील.

दिसण्यापेक्षा हाताला पटणं महत्त्वाचं, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत कापण्याचा सराव कोहळ्या-काकडीवर आणि शीर वेधण्याचा कमळाच्या देठावर करायला सांगितला आहे. देठ हातासारखा दिसत नाही, पण सराव होतो.

1960 साली नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेस्युसी ॲन’ ही बाहुली आणली. त्यांच्याच परंपरेतली ‘मामानॅटली’ मला फार मोलाची वाटते. हे बाळंतिणीचं पोट शिकवणारी व्यक्ती स्वतःच्या अंगावर बांधते. आत बाळ, वार, गर्भाशय आणि लाल पाण्याची पिशवी. रक्तस्राव किती होऊ द्यायचा आणि गर्भाशय सैल ठेवायचं की घट्ट, हे ती आतून हातानं ठरवते. मोटर नाही, पडदा नाही. आणि शिकणारी मुलगी पोट चोळत असताना समोरची बाई कण्हते, घाबरते, “माझं बाळ कुठंय?” म्हणून विचारते. तिच्याशी बोलतबोलतच रक्त थांबवायचं असतं. हे शिकवायला महागडं यंत्र लागत नाही, प्रसूतिगृह नीट पाहिलेला माणूस लागतो.

तेव्हा मुलांनो, पुढचा प्रकल्प ठरवण्याआधी रीतसर परवानगी काढून जिल्हा रुग्णालयात जा. सिस्टरांच्या शेजारी उभे राहा, त्यांचे हात बघा, प्रश्न विचारा. तुमचा नमुना पहिल्यांदा त्यांच्याच हाती द्या. आणि प्राचार्य महोदय, अशा प्रकल्पांच्या परीक्षकांत एक अनुभवी सिस्टर असावी, ही माझी कळकळीची विनंती.