इन्युइटांची अक्षरे



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी मी फार दूरचा विषय निवडला आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील हिमप्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांना अक्षरे कशी मिळाली, आणि ती त्यांची स्वतःची कशी झाली, हा तो विषय होय.

कथेचा आरंभ इन्युइटांच्या दक्षिणेस राहणाऱ्या क्री लोकांपाशी आहे. जेम्स इव्हान्स या वेस्लियन मिशनऱ्याने १८४० साली नॉर्वे हाऊस येथे क्री भाषेसाठी एक लिपी सिद्ध केली. छापखाना नव्हता, म्हणून त्याने चहाच्या पेट्यांतील शिशाचे खिळे ओतले आणि काजळी व माशाचे तेल यांची शाई केली. देवनागरीत 'प' तसाच राहतो आणि वेलांटी वा उकार जोडून स्वर बदलतो. इव्हान्सच्या लिपीत आकृतीच वळते. इन्युइटांच्या लेखनात कोनाचे टोक वर असले की 'पि', उजवीकडे असले की 'पु', डावीकडे असले की 'प'. इव्हान्सला लघुलेखनाची माहिती होती. त्याच्या रचनेवर देवनागरीचीही छाया असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

पुढे जॉन हॉर्डन आणि एडविन वॉटकिन्स यांनी ही लिपी इन्युइटांच्या भाषेला जुळवून घेतली. तिचा खरा प्रसार मात्र एडमंड पेक यांच्या हातून झाला. पूर्वाश्रमीचा हा खलाशी १८७६ साली हडसन उपसागराच्या काठी आला आणि १८९४ साली बॅफिन बेटाजवळील ब्लॅकलेड बेटावर गेला. तेथे सीलच्या कातड्यांनी उभारलेले त्याचे प्रार्थनामंदिर भुकेल्या कुत्र्यांनी खाऊन टाकले! तरी तो खचला नाही. त्याने भाषा इतकी आत्मसात केली की लोकांनी त्याला 'उकम्माक', म्हणजे चांगला बोलणारा, असे नाव दिले.

परंतु एकटा पेक किती जणांना शिकविणार? जे शिकले त्यांनी आपल्या माणसांना शिकविले. चिन्हे थोडी, त्यांची रीत ठरलेली. त्यामुळे एका तळावरून दुसऱ्या तळावर अक्षरे पोहोचली. मिशनरी ज्या ठिकाणी पोहोचले नव्हते, तेथेही वाचणारी माणसे आढळू लागली. धर्मग्रंथासाठी आलेल्या अक्षरांत लोक पत्रे व रोजनिशी लिहू लागले. नुनाविक प्रदेशातील मितिआर्जुक नाप्पालुक या स्त्रीला मिशनऱ्यांनी आपल्या भाषाभ्यासासाठी वाक्ये लिहून द्यावयास सांगितले. तिने त्यांतून 'सनाक' नावाची कादंबरीच घडविली. ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. मागणाऱ्याने वाक्ये मागितली आणि देणारीने आपल्या लोकांचे जीवन दिले.

या उपकाराची दुसरी बाजू लपविता येणार नाही. अक्षरांबरोबर जुन्या श्रद्धांचा निषेधही आला. विसाव्या शतकात निवासी शाळांतून मुलांवर इंग्रजी लादली गेली आणि कित्येकांच्या तोंडची मातृभाषा तुटली. लिपी हाती असूनही भाषा संकटात सापडली. कारण भाषेला नुसती लिपी पुरत नाही, ती बोलणारी, शिकविणारी माणसे लागतात. १९७६ साली लिपीत सुधारणा झाली. १९९९ साली स्थापन झालेल्या नुनावुत प्रदेशात सरकारी पाट्यांवरही ही अक्षरे झळकू लागली. २०१९ साली सर्व इन्युइट प्रदेशांसाठी एक समान रोमन लेखनपद्धती मान्य झाली. तरी जुनी अक्षरे पुसली गेली नाहीत. पुढे काय राखावयाचे, हा निर्णय आता इन्युइटांचा स्वतःचा आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको. अक्षर देणाऱ्याचे नाव इतिहासात राहते आणि राहावेही. परंतु ते अक्षर जगते ते घरात, पत्रात, आईने मुलाचा हात धरून गिरविलेल्या रेघेत. ज्या गुरुजींच्या स्मृतीस आज आपण वंदन करीत आहोत, त्यांचेही काम असेच होते.