दाव्याचा कागद आणि रुग्णाचा हक्क

आरोग्यव्यवस्थेतील सुधारणांची चर्चा सहसा रुग्णालये, डॉक्टर, औषधे आणि अंदाजपत्रकातील तरतूद यांच्याभोवतीच फिरत राहते. परंतु गेल्या दीड दशकात महाराष्ट्रात झालेल्या सुधारणांनी रुग्णालयातील कोणते काम मुळापासून बदलले असेल, तर ते बिलिंगचे. एकेकाळी खाटेचे भाडे, औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांची बेरीज करून पावती फाडली की हे काम संपत असे. आज त्याच टेबलावर रुग्णाची पात्रता तपासली जाते, उपचारांची पूर्वपरवानगी मागितली जाते, शासनाकडे किंवा विमा कंपनीकडे दावा दाखल होतो, आणि रुग्णाच्या घरची बैलजोडी विकावी लागणार की वाचणार, हेही पुष्कळदा तेथेच ठरते. सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर असलेल्या हिंगणीत या व्यवसायातील मंडळींची परिषद भरते आहे, हे म्हणूनच औचित्यपूर्ण आहे. कारण येथील कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या कुटुंबात मोठे आजारपण आले की सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते आणि तेथे उपचाराइतकीच चिंता असते ती कागदपत्रांची.

वर्धा जिल्ह्याला या विषयात स्वतःची परंपरा आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यानंतरच्या दशकात, आसपासच्या गावांसाठी आरोग्य विम्याची जी योजना उभी केली, तिची वर्गणी सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने गोळा होत असे. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे, हे तिचे सूत्र होते. अचानक उद्भवलेल्या आजारासाठी उपचार मोफत आणि बाळंतपण किंवा मोतीबिंदू यांसारख्या आधी कल्पना असलेल्या बाबींसाठी सवलत, असा तिचा सोपा हिशेब होता. वर्गणी घेणारे आणि उपचार करणारे एकच असल्यामुळे आणि गाव ओळखीचे असल्यामुळे तेथे कोणाला कोणापुढे फारसे काही सिद्ध करावे लागत नसे. नंतरच्या सुधारणांनी पैसे देणारा, उपचार करणारा आणि तपासणारा असे तीन वेगळे पक्ष निर्माण केले. व्याप्ती कैक पटींनी वाढली, हे निर्विवाद चांगले झाले, पण तिघांमधला विश्वास कागदावर उतरवण्याचे ओझे मात्र बिलिंगच्या टेबलावर आले.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा वर्धा तिच्या कक्षेत आला. या योजनेने बाबवार बिलाची जागा पॅकेजला दिली. पॅकेज म्हणजे एखाद्या उपचारासाठी आधीच ठरवलेली एकरकमी किंमत, जिच्यात शस्त्रक्रिया, औषधे, जेवण, परतीचे प्रवासभाडे आणि सुटीनंतरच्या दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा हे सारे धरलेले असते. पिवळे आणि केशरी शिधापत्रिकाधारक पात्र होतेच. शिवाय शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही पुढे लाभ मिळाला, आणि त्या चौदांत वर्धा आहे. त्यामुळे सातबाऱ्याचा उतारा हा वैद्यकीय फाइलमधला दस्तऐवज झाला, ही गोष्ट आरोग्यसेवेच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

अशी एक फाइल जवळून पाहिली म्हणजे कामाचे स्वरूप कळते. शेतात पडून खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध शेतकरी स्त्री दाखल झाली, तर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या वतीने रुग्णालयात बसणारा साहाय्यक, तिची नोंदणी करतो. शिधापत्रिकेवर नाव सासरचे आणि आधारवर माहेरचे असेल, तर गाडी तेथेच अडते. ती अडचण सुटली की एक्स-रे आणि डॉक्टरांच्या नोंदी जोडून पूर्वपरवानगी, या व्यवसायाच्या भाषेत प्री-ऑथ, टाकली जाते. शस्त्रक्रियेनंतर बसवलेल्या रॉडच्या वेष्टनावरील स्टिकर, त्याचे बिल, नवा एक्स-रे आणि डिस्चार्जचा कागद चढवून दावा जातो. यातला एक स्टिकर हरवला, तर क्वेरी पडते, म्हणजे खुलासा मागितला जातो. उत्तर वेळेत गेले नाही, तर रक्कम कापली जाते किंवा दावा फेटाळला जातो. हाड नीट बसलेले असते, बाई काठी टेकत घरी गेलेली असते, तरी कागदाच्या दृष्टीने उपचार झालेलाच नसतो. मोठ्या रुग्णालयाला हे नुकसान सोसते. वीस खाटांच्या तालुक्याच्या रुग्णालयाला सोसत नाही, आणि असे रुग्णालय योजनेतून बाहेर पडले की त्याची किंमत पंचक्रोशीतील रुग्णाला मोजावी लागते.

योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव २०१७ साली मिळाले, १ एप्रिल २०२० पासून तिची केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी सांगड घातली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. उत्पन्नाची अट गेल्यामुळे पात्रता शोधण्याचे काम हलके झाले, परंतु दाव्यांची संख्या वाढली आणि तपासणीची धारही. खासगी विम्याच्या बाजूलाही नियम बदलले: विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. हे बंधन रुग्णाच्या हिताचेच आहे. मात्र रुग्णालयाने अर्धवट कागद पाठवले, तर त्या तीन तासांना काही अर्थ उरत नाही.

याच व्यवसायाची दुसरी शाखा पुण्या-मुंबईत रात्रपाळीने अमेरिकेतील रुग्णालयांची बिले करते. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची नवी पद्धत आली आणि सुमारे चौदा हजार निदान-संकेतांच्या जागी सुमारे अडुसष्ट हजार संकेत आले, तेव्हा ते शिकण्यासाठी रीतसर अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रे उभी राहिली. ग्रामीण महाराष्ट्रात गरीब रुग्णाची फाइल हाताळणाऱ्या मुला-मुलींना मात्र बहुधा शेजारच्या खुर्चीवरच्याकडून पाहून शिकावे लागते. परदेशी रुग्णाच्या बिलाला जे शिक्षण आवश्यक वाटते, ते आपल्या माणसाच्या बिलाला अनावश्यक का ठरावे, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नाही.

याहून गंभीर बाब मोबदल्याची आहे. अनेक छोटी रुग्णालये दाव्यांचे काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपवतात आणि मंजूर रकमेच्या टक्केवारीने पैसे देतात. ज्याची कमाई दाव्याच्या आकड्यावर वाढते, त्याला साध्या उपचाराची केस जास्त दराच्या पॅकेजमध्ये बसवण्याचा मोह होणारच, आणि अशा प्रत्येक खोट्या दाव्यामुळे पुढच्या खऱ्या दाव्याची तपासणी अधिक संशयाने होते. टक्केवारीची ही पद्धत बंद होऊन प्रत्येक फाइलमागे ठरावीक मेहनताना दिला गेला पाहिजे. व्यवसायाची प्रतिष्ठा टिकवायची असेल, तर याबाबत तडजोड परवडणारी नाही.

या परिषदेतील प्रत्येक सभासदाने म्हणून दोन गोष्टी आपल्या टेबलापासून सुरू कराव्यात: फेटाळलेल्या किंवा कापलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण रुग्णाच्या नातेवाइकाला मराठीत लिहून द्यावे, आणि योजनेत मोफत असलेल्या उपचारासाठी कोणी पैसे मागितले, तर तक्रार कोठे व कशी करायची, हेही त्याच कागदावर लिहावे. शासनाकडे दाव्यांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हास्तरीय केंद्र मागण्याचा ठराव याच सत्रात मांडला जावा, आणि त्याची सुरुवात वर्धा जिल्ह्यातून व्हावी.