उत्सवाचा दिवस आणि शोकाचा दिवस
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे मिस्सा, मिरवणूक, वाद्यें, रोषणाई व भोजन ह्यांची आंखणी होते. परंतु त्याच्याहि आधींचा एक प्रश्न आहे आणि तो बहुधा घाईंत सुटून जातो. आपण आनंदासाठीं जो दिवस निवडतों, तो दुसऱ्या कोणाच्या शोकाचा दिवस तर नाहीं ना? आणि असल्यास काय करावें?

ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपण मनानें जपानांतील नागासाकी शहरीं जाऊं. तें स्थळ आपणांस अगदींच परकें नव्हे. ज्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या देहाचें आपण गोव्यांत दर्शन घेतों, तेच 15 ऑगस्ट 1549 रोजीं, देवमातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, जपानच्या भूमीवर उतरले. नागासाकीचा उराकामी हा भाग म्हणजे त्या पेरणीचें पीक. छळाच्या काळांत तेथील भाविकांनीं दोनशेंहून अधिक वर्षें, धर्मगुरूंवांचून, लपूनछपून श्रद्धा राखिली व 1865 सालीं ते प्रगट झाले.

ह्याच उराकामीवर 9 ऑगस्ट 1945 रोजीं सकाळीं 11 वाजून 2 मिनिटांनीं अणुबाँब फुटला. देवमातेचा सण सहा दिवसांवर आला होता व त्याच्या तयारीसाठीं मंदिरांत पापनिवेदन चालू होतें. आंत असलेले दोन धर्मगुरु आणि भाविक ह्यांपैकीं कोणीहि वांचलें नाहीं. उराकामीच्या सुमारें 12,000 कॅथोलिकांपैकीं सुमारें 8,500 मरण पावले. पुढें ऐन सणाच्या दिवशीं जपानच्या शरणागतीची घोषणा झाली. बंधूंनो, त्या लोकांनीं पुढें हा सण कसा करावा? सोडून द्यावा, तर श्रद्धेस बाध येतो. नेहमींच्या थाटानें करावा, तर मृतांस विसरल्यासारखें होतें.

त्यांनीं ह्यांतलें कांहींच केलें नाहीं. त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या रात्रीं ढिगाऱ्यांतून काढलेली मंदिराची घंटा वाजली. 1949 सालीं संत झेवियर ह्यांच्या आगमनास 400 वर्षें झालीं, तेव्हां नागासाकीचा सोहळा मे महिन्यांत झाला, आणि तोहि उराकामीच्या भग्न मंदिरापाशींच. पोप दुसरे जॉन पॉल 1981 सालीं जपानास गेले. त्यानंतर 1982 पासून तेथील ख्रिस्तसभा 6 ते 15 ऑगस्ट हे दहा दिवस शांतीसाठीं प्रार्थना करण्यांत घालविते. 6 ऑगस्ट हा प्रभूच्या रूपांतराचा सण, आणि हिरोशिमाच्या विनाशाचाहि दिवस. आरंभीं सण व शोक एकत्र, शेवटींहि तसेंच. बाँबनें मंदिराची एक घंटा नष्ट केली होती. तिच्या जागीं अमेरिकेंतील कॅथोलिकांच्या देणग्यांतून घडविलेली नवी घंटा 9 ऑगस्ट 2025 रोजीं, त्याच मिनिटास, वाजविण्यांत आली.

ख्रिस्तसभेचें पंचांगहि आपणांस हेंच शिकवितें. 2024 सालीं 25 मार्च हा देवदूताच्या संदेशाचा सण पवित्र आठवड्याच्या सोमवारीं आला, म्हणून तो 8 एप्रिलला साजरा झाला. सण थोर खरा, परंतु प्रभूच्या दुःखसहनास त्यानें वाट दिली. उलटपक्षीं, नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं संत स्तेफन ह्यांचें हौतात्म्य आणि 28 डिसेंबरला हेरोदानें मारविलेल्या निष्पाप बालकांचें स्मरण येतें. तेथें सण हलत नाहीं; तो शोकास आपल्या पोटांत घेतो. म्हणजे मार्ग दोन आहेत: कधीं दिवस बदलावा, कधीं दिवसाची रीत बदलावी.

आतां आपल्या घराकडे पाहूं. निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाची नोव्हेना चालू असतांनाच 6 डिसेंबर येतो. 1956 सालीं त्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवर्तले. दरवर्षीं त्यांच्या स्मरणार्थ लाखों लोक दादरच्या चैत्यभूमीस जातात. 26 नोव्हेंबर 2008 रोजीं रात्रीं मुंबईवर हल्ला झाला व निरपराध माणसें मारलीं गेलीं. ख्रिस्तराजाचा सण त्याच सुमारास येतो, 2023 सालीं तर त्याच तारखेस आला. अशा वेळीं मिस्सा वा नोव्हेना हलविण्याचें कारण नाहीं. हलवावयाचीं तीं वाद्यें, फटाके आणि भोजनाच्या पंक्ती. प्रार्थनेंत मृतांचा उच्चार करावा, आणि तिथि ठरविण्यापूर्वीं ज्यांचें दुःख आहे त्यांच्या घरीं जाऊन त्यांनाच विचारावें.

कोणी म्हणतील, “असें पाहूं लागलों तर वर्षांत एकहि दिवस उरणार नाहीं.” हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक दिवशीं कोणी ना कोणी रडलेलें असतें. म्हणून सर्व तिथि टाळा, असें माझें म्हणणें नाहीं. ज्यांचें दुःख आपल्या वेशीवर आहे आणि ज्यांच्या दारावरून आपली मिरवणूक जाते, तेवढ्यांचा तरी विचार करावा. ते अन्य धर्माचे असतील, तर अधिकच करावा. कारण शेजारप्रीतीची आज्ञा देतांना प्रभूनें शेजाऱ्याचा धर्म विचारला नाहीं.

पन्नास वर्षें आपल्या घंटेचा नाद शेजाऱ्यांनीं ऐकिला आहे. पुढील पन्नास वर्षें तो त्यांस आपुलकीचा वाटावा, एवढी काळजी आपल्या उत्सवसमितीनें प्रतिवर्षीं घ्यावी, अशी माझी नम्र विनंति आहे. प्रभु परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.